घरगुती वीजबचत आणि वर्तनात्मक अर्थशास्त्र : गोव्यातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याला लागणारी जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते आणि गोवा सरकारचे वीज खाते ती घरोघरी पोहोचवते. मे महिन्याच्या दमट उकाड्यात एसी आणि पंखे रात्रभर चालतात, वाहिन्यांवरचा भार वाढतो, आणि मग बिल हातात पडले की प्रत्येक घरात तीच चर्चा होते. घराने वीज कशी वाचवावी यावर सल्ले पुष्कळ मिळतात. ते सल्ले ठाऊक असूनही पाळले का जात नाहीत, आणि पाळले जावेत म्हणून काय करता येते, याचा अभ्यास मात्र सामान्य ग्राहकापर्यंत फारसा पोहोचलेला नाही. पुढील उत्तरे त्यासाठी आहेत.

वर्तनात्मक अर्थशास्त्र म्हणजे काय, आणि त्याचा माझ्या वीजबिलाशी काय संबंध?

जुने अर्थशास्त्र असे धरून चालते की दर वाढला की माणूस वापर कमी करतो आणि दीर्घकाळ फायद्याची वस्तू समोर आली की ती विकत घेतो. माणसे प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात हे पाहिल्यावर चित्र वेगळे दिसले. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिले की तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक बोचते. कानेमन यांना २००२ साली, तर याच विचाराला धोरणापर्यंत नेणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या शाखेतून जी उपाययोजना पुढे आली तिला ‘नज’ म्हणतात : कोणताही पर्याय काढून न घेता आणि मोठा दंड किंवा बक्षीस न लावता, पर्याय समोर येण्याची पद्धत बदलायची. विजेच्या बाबतीत ही पद्धत म्हणजे बिलाचा कागद, एसीच्या रिमोटवरचा पहिला आकडा, दुकानातील पंख्यांची मांडणी आणि पैसे भरण्याची रीत.

वीज वाचवावी असे सर्वांनाच वाटते. मग ती वाचत का नाही?

कारण वीज वापरताना ती दिसत नाही. गॅसचा सिलिंडर हलका झालेला हाताला कळतो, दुचाकीच्या टाकीतले पेट्रोल काट्यावर दिसते. वीज मात्र आधी वापरली जाते आणि तिची किंमत कित्येक दिवसांनी, सगळ्या उपकरणांची एकत्र, एका आकड्यात समोर येते. त्या आकड्यातला किती भाग गीझरचा आणि किती फ्रीजचा हे बिल सांगत नाही.

त्यामुळे आपले अंदाज चुकतात, आणि ते एकाच दिशेने चुकतात. अमेरिकेत २०१० साली शहजीन अत्तारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ जणांना विविध उपकरणांचा वापर आणि त्यातील संभाव्य बचत विचारली, तेव्हा लोकांचे अंदाज सरासरी २.८ पटींनी कमी निघाले. बचतीचा सर्वांत प्रभावी उपाय कोणता यावर बहुतेकांचे उत्तर दिवे बंद करणे यासारखे होते, कार्यक्षम उपकरण घेणे हे फार थोड्यांना सुचले. आपल्याकडेही हेच घडते. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास तापत राहिला की एक युनिट खर्च होते. तेवढ्याच एका युनिटवर नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १११ तास जळतो. तरीही मुलाने बाथरूमचा दिवा चालू ठेवला तर त्याला ओरडा बसतो, आणि आंघोळीच्या तासभर आधी लावून ठेवलेल्या गीझरकडे कुणाचे लक्ष जात नाही.

पैसे भरण्याची सोयही याला हातभार लावते. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील ग्राहकांच्या अभ्यासात स्टीव्हन सेक्स्टन यांना असे आढळले की बिल खात्यातून आपोआप वळते होऊ लागल्यावर घरगुती वापर ४ ते ६ टक्क्यांनी वाढतो. गोव्यात हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण मुलगा बोटीवर किंवा परदेशात नोकरीला, बिल त्याच्या खात्यातून जाते, आणि घरात राहणारे आईवडील ते बिल पाहतही नाहीत, अशी कुटुंबे गावोगाव आहेत. पैसे आपोआप जाऊ द्यावेत, त्यात गैर काही नाही. पण बिल घरात वापर करणाऱ्यांच्या फोनवरही यावे, एवढी व्यवस्था जरूर करावी.

शेजाऱ्यांच्या वापराशी तुलना केल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि या विषयात सर्वाधिक अभ्यास याच उपायाचा झाला आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे सुमारे २९० घरांच्या दारांवर त्यांचा स्वतःचा वापर आणि वस्तीतील सरासरी वापर सांगणाऱ्या चिठ्ठ्या लावण्यात आल्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. परंतु सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला, जणू त्यांना सूट मिळाली. ज्या चिठ्ठ्यांवर कमी वापर करणाऱ्यांसाठी शाबासकी म्हणून एक हसरा चेहरा काढलेला होता, तिथे ही वाढ झाली नाही. नुसती सरासरी सांगणे धोक्याचे असते, कौतुकाची खूण तिच्यासोबत असावी लागते, हा धडा तिथून मिळाला.

पुढे ओपॉवर नावाच्या कंपनीने असे तुलनात्मक अहवाल अमेरिकेत लाखो घरांना पाठवले. हंट ऑलकॉट यांनी सुमारे सहा लाख घरांच्या नोंदी तपासून २०११ साली जो निष्कर्ष मांडला त्यानुसार वापर सरासरी २ टक्क्यांनी घटला. हा आकडा लहान वाटेल, पण तो एका कागदाच्या खर्चात मिळतो आणि लाखो घरांत मिळतो. भारतातही, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील एका वसाहतीत अनंत सुदर्शन यांनी केलेल्या प्रयोगात अशा तुलनेमुळे उन्हाळ्यातील वापर सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला. ज्या घरांत एसी आहे आणि ज्यांचा वापर मुळातच मोठा आहे, तिथे कमी करण्यासारखे काही शिल्लक असते, हे यामागचे एक कारण मला दिसते.

गोव्यात मात्र तुलना कोणाशी करायची हे फार काळजीने ठरवावे लागेल. पर्वरी, दाबोळी किंवा कांदोळीच्या इमारतींमधील अनेक सदनिका वर्षाचा बराच काळ कुलूपबंद असतात; त्यांचा वापर सरासरीत धरला तर रोज राहणारे कुटुंब उधळे ठरेल आणि अहवालावरचा विश्वासच उडेल. उलट ज्या घरात पर्यटकांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्या घराशी शेजारच्या निवृत्त दांपत्याची तुलना केली तर ते दांपत्य निष्कारण निर्धास्त होईल. तुलना समान क्षेत्रफळाच्या, माणसे राहत असलेल्या आणि शक्य तर तितकीच माणसे असलेल्या घरांशी व्हावी, आणि कोणाचेही नाव उघड होऊ नये. वाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे नावानिशी यादी लावणे म्हणजे लोकांना लाजवणे होय आणि ते मला मुळीच मान्य नाही.

तुलनेऐवजी सरळ बक्षीस दिले तर?

सुदर्शन यांच्या त्याच प्रयोगात तुलनेला पैशाची जोड दिली तेव्हा तुलनेचा परिणाम नाहीसा झाला. चांगले वागण्याची गोष्ट एकदा लहानशा व्यवहाराची झाली की माणूस ती व्यवहार म्हणूनच तोलतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. याचा अर्थ किमतीला महत्त्व नाही असा नव्हे. जपानमधील क्योटो परिसरात कोइचिरो इटो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, मागणी शिखरावर असताना वीज वाचवण्याचे नुसते आवाहन केलेल्या घरांनी आधी सुमारे ८ टक्के बचत केली, पण आवाहन पुन्हा पुन्हा होऊ लागले तसा प्रतिसाद ओसरला. त्या तासांसाठी ज्यांना चढे दर लावले त्यांची बचत १४ ते १७ टक्के होती आणि ती टिकली. म्हणून अर्धवट बक्षिसापेक्षा एक तर पुरेसा किंमतभेद ठेवावा किंवा निव्वळ तुलना ठेवावी.

एसी २४ अंशांवर ठेवण्याचा आग्रह का धरला जातो?

केंद्र सरकारने स्टार लेबल (उपकरण वीज किती वाचवते हे ताऱ्यांनी दाखवणारी चिठ्ठी) असलेल्या खोलीच्या एसीचे मूळ तापमान, म्हणजे कारखान्यातून ठरवून आलेला आकडा, २४ अंश सेल्सिअस ठेवणे १ जानेवारी २०२० पासून उत्पादकांवर बंधनकारक केले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. ग्राहकाला हवे तर तो १८ वर आणू शकतो, त्याचा हक्क अबाधित आहे. पण आधीच ठरवून दिलेला पर्याय बहुसंख्य माणसे तसाच राहू देतात, या निरीक्षणावर हा नियम उभा आहे. आमच्या देशातील घरगुती विजेसंबंधीचा हा सर्वांत सरळ ‘नज’ आहे, असे म्हणता येईल.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इन्व्हर्टर नसलेल्या साध्या एसीचा रिमोट १८ वर नेल्याने खोली लवकर थंड होत नाही. यंत्र त्याच गतीने चालते, फक्त थांबत नाही. शिवाय अनेक एसी शेवटचे तापमान लक्षात ठेवतात, त्यामुळे एका दुपारी घाईने केलेला १८ चा आकडा पुढच्या साऱ्या रात्रींचा मूळ आकडा बनतो. गोव्याच्या हवेत त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा अधिक असतो. २६ अंश आणि सोबत मंद पंखा ही जोडी बहुतेकांना पुरते. आकडा बदलताना मोठी उडी घेऊ नये. पॅरिसमधील ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या कार्यालयात हिवाळ्यात हीटरचे मूळ तापमान एका अंशाने उतरवले तेव्हा कर्मचाऱ्यांनी ते बऱ्याच अंशी स्वीकारले. उतार मोठा केला तेव्हा अनेकांनी तो स्वतः हाताने मागे फिरवला. घरातही २० वरून २२, मग काही दिवसांनी २४, असे गेल्यास वयस्कर मंडळींची तक्रार येत नाही.

स्टार लेबल समोर असूनही लोक स्वस्त, जास्त वीज खाणारे उपकरण का घेतात?

आजचे दोन हजार रुपये उद्याच्या पाच हजारांपेक्षा मोठे वाटतात म्हणून. छताच्या साध्या पंख्याला सुमारे ७५ वॅट लागतात, बीएलडीसी पंख्याला (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या पंख्याला) सुमारे ३०. रोज बारा तासांच्या हिशेबाने साधा पंखा महिन्याला २७ युनिट खातो आणि दुसरा ११ च्या आसपास, म्हणजे एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात. गोव्यातील घरात असे चार पंखे वर्षातले बहुतेक महिने फिरत असतात. छताच्या पंख्यांना २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे. तरी दुकानात किमतीची चिठ्ठी मोठी आणि लेबलावरचा वापर बारीक अक्षरात असतो, आणि पंखा बहुधा जुना बंद पडल्यावर घाईत घेतला जातो. दुकानदाराने किमतीशेजारी पाच वर्षांचा अंदाजे वीजखर्च रुपयांत लिहिला तर हीच निवड वेगळी होऊ शकते. म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या व्यापाऱ्यांनी हे स्वतःहून करून पाहावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत देशाने ही अडचण चांगल्या रीतीने सोडवली. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेत दिव्यांची घाऊक खरेदी झाल्याने एका दिव्याचा खरेदीदर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला, आणि अनेक ठिकाणी ग्राहकाला सुरुवातीला फक्त दहा रुपये देऊन उरलेली रक्कम बिलातून हप्त्याने फेडता येत होती. खर्च आणि बचत एकाच कागदावर, एकाच वेळी दिसू लागली. पंखे, फ्रीज आणि छतावरील सौर पॅनेलसाठी अशी बिलातून फेडीची सोय असावी, असे मला ठामपणे वाटते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण उरलेली रक्कम आधी उभी करणे हीच अनेक घरांची अडचण असते.

भाड्याच्या घरांचे काय?

तिथे उपकरण मालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो, त्यामुळे मालकाला स्वस्त एसी परवडतो. करार करतानाच एसी आणि फ्रीज किती स्टारचे आहेत हे विचारावे आणि ते करारात लिहून घ्यावे. त्या क्षणी भाडेकरूच्या हातात जेवढे बळ असते तेवढे नंतर राहत नाही.

टप्प्याटप्प्याने वाढणारे दर लोकांना बचतीकडे नेत नाहीत का?

गोव्यात घरगुती दर युनिटांच्या टप्प्यांनुसार चढत जातात. शेवटचा टप्पा सर्वांत महाग असतो, आणि आपण जे युनिट वाचवतो ते नेमके त्या शेवटच्या टप्प्यातले असते. परंतु ग्राहक असा विचार करत नाहीत. कॅलिफोर्नियातील ग्राहकांच्या नोंदींवरून इटो यांनी २०१४ साली दाखवले की लोक शेवटच्या युनिटाच्या दराला प्रतिसाद न देता सरासरी दराला देतात, म्हणजे एकूण बिल भागिले युनिट. आपल्याकडे उलट भीतीही दिसते : एक युनिट जास्त झाले की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो, असे काहींना वाटते, तर वास्तविक वरचा दर त्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो. ‘तुमचे शेवटचे युनिट या दराने पडले’ असे एक वाक्य बिलावर ठळक छापले तर दोन्ही गैरसमज कमी होतील.

स्मार्ट मीटर बसवल्याने बचत होते का?

स्मार्ट मीटर म्हणजे वापराची नोंद थोड्या थोड्या वेळाने आपोआप वीज खात्याकडे पाठवणारा मीटर. तो स्वतः काही वाचवत नाही. त्याने दिलेली माहिती वेळेवर आणि समजेल अशी पोहोचली तर फरक पडतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात जेसो आणि रॅप्सन या संशोधकांनी काही तासांपुरता दर वाढवला तेव्हा केवळ सूचना मिळालेल्या घरांनी ० ते ७ टक्के वापर कमी केला, तर ज्यांच्या भिंतीवर चालू वापर दाखवणारा लहान पडदा होता त्यांनी ८ ते २२ टक्के. स्वित्झर्लंडमध्ये शॉवरवर पाणी आणि ऊर्जेचा वापर त्याच क्षणी दाखवणारे यंत्र लावल्यावर त्या कामाची ऊर्जा २२ टक्क्यांनी घटली. माहिती कृतीच्या जागी पोहोचावी, हे यातून दिसते.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर बसल्यावर दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लागू होण्याची तरतूद आहे आणि सौर तासांतील, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या तासांतील, दर सामान्य दरापेक्षा १० ते २० टक्के कमी असावा असे त्यात म्हटले आहे. तशी वेळ आली की कपडे धुण्याचे यंत्र आणि विहिरीवरचा पंप दुपारी लावणे फायद्याचे ठरेल, आणि पंपाला साधा टायमर बसवला तर रोज आठवण ठेवावी लागणार नाही.

हे लोकांना नकळत वळवणे नाही का?

ही शंका योग्य आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. माझा निकष असा : जी युक्ती ग्राहकाला उघड करून सांगितल्यावरही चालते, आणि जिच्यातून एका बटणाने बाहेर पडता येते, ती स्वीकारार्ह. २४ अंशांचा नियम उघड आहे. मीटरच्या नोंदींवरून घरात माणसे कधी असतात हे कळू शकते, म्हणून ती माहिती ग्राहकाच्या संमतीशिवाय इतर कुणाला दिली जाऊ नये, यावर पंचायतीपासून विधानसभेपर्यंत सर्वांनी आग्रही राहिले पाहिजे.

कमी वीज वापरणाऱ्या घरांनीही हे करावे का?

ज्या घरात दोन पंखे, चार दिवे आणि एक जुना फ्रीज आहे, त्यांना आणखी काटकसर शिकवू नये. आजारी माणूस, तान्हे मूल, उकाड्यात झोप न येणारे वृद्ध यांच्यासाठी वापरलेली वीज ही उधळपट्टी नाही. त्यांना चांगला फ्रीज स्वस्तात मिळवून देणे, हीच त्यांच्यासाठीची वीजबचत.

केलेली बचत टिकते का?

काही अंशी. ओपॉवरचे अहवाल दोन वर्षे मिळाल्यानंतर थांबवले तेव्हा परिणाम दरवर्षी १० ते २० टक्क्यांनी ओसरत गेला, म्हणजे बराच भाग काही वर्षे टिकून राहिला. दुसरी अडचण अशी की एक चांगले काम केल्यावर माणूस दुसरीकडे स्वतःला सूट देतो. अमेरिकेतील एका निवासी संकुलात पाणी वाचवण्याच्या मोहिमेत पाण्याचा वापर सुमारे ६ टक्के घटला, तर विजेचा साडेपाच टक्क्यांच्या वर वाढला. रोज इच्छाशक्तीवर विसंबणारी बचत दमते. म्हणून मी एकदाच घेण्याच्या निर्णयांवर भर देतो : पंखा बदलणे, गीझरचे थर्मोस्टॅट खाली आणणे, एसीचा मूळ आकडा ठरवणे, पंपाला टायमर लावणे. हे एकदा झाले की चवथीला पाहुण्यांनी भरलेल्या घरातही ते आपले काम करत राहते.

आमच्या सोसायटीने सुरुवात कुठून करावी?

जिन्यातील आणि वाहनतळावरील दिव्यांपासून, कारण तो खर्च सर्वांचा आहे आणि त्यावर एकमत लवकर होते. त्यानंतर ज्यांची इच्छा आहे अशा घरांनी आपापले युनिट सचिवांकडे बंद पाकिटात द्यावेत आणि प्रत्येकाला फक्त आपले स्थान कळवावे; नकार देणाऱ्याला कारण विचारू नये. पावसाळ्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, एसीची जाळी स्वच्छ करणाऱ्या कारागिराला एकाच दिवशी सर्व घरांसाठी बोलावले तर खर्चही कमी येतो आणि ‘उद्या बघू’ म्हणून राहून जाणारे काम पार पडते. नवीन कुटुंब राहायला येते तो महिना विशेष महत्त्वाचा, कारण सवयी अजून बसलेल्या नसतात आणि उपकरणे विकत घ्यायची असतात.

उपाय लागू पडला हे कसे ओळखावे?

मागच्या महिन्याशी तुलना करू नये. मेपेक्षा जुलैचे बिल पावसानेच कमी होते, आणि त्याचे श्रेय आपण स्वतःला देऊन मोकळे होतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट काढावेत, रुपये नव्हे, कारण दर मधल्या काळात बदललेले असू शकतात. बिलाचा कालावधी किती दिवसांचा होता हे पाहून रोजचे युनिट काढावेत. आणि घरात माणसे किती होती, कुणी सुट्टीवर आले होते का, याची बिलाच्या मागे नोंद करावी. असे एक वर्ष केले की कोणता बदल खरोखर उपयोगी पडला हे घरातल्या प्रत्येकाला त्या नोंदीवरून वाचता येईल.